पिवळं बूच

सिग्नल सुटला, वांडाने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि दुसऱ्या गिअरमधून आपोआप तिसऱ्यात जाताना गाडीने असा आचका दिला की जणू कुणी मागून येऊन खांदे धरून हलवावेत. अंड्यांचा खोका सीटवरून घसरून खाली गेला. पण वांडाचं लक्ष खोक्याकडे नव्हतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तिने न सांगता तो उजवीकडच्या रिकाम्या सीटसमोर आडवा झाला होता, बोटं पसरून, तळवा आत वळवून, लहान मुलाच्या छातीवर ठेवावा तसा. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तिने हात मागे घेतला, आणि घेताना तिला ओशाळल्यासारखं झालं, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं. जेरोमला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. गेला तेव्हाही तो काही लहान नव्हता. सतरा वर्षांचा होता, बापापेक्षा वीतभर उंच, आणि आईने ब्रेक मारताना असा हात आडवा घातला की चिडायचा, म्हणायचा, अगं आई, मी काय अंडं आहे का फुटायला. नवरा, क्लेमेंट, तर जानेवारीतल्या थंडीत गेला. घरात आता ती एकटीच. हे सगळं तिला माहीत होतं, तिच्या गुडघ्यांना माहीत होतं, एकाच माणसाची कॉफी करणाऱ्या किटलीला माहीत होतं. या हाताला मात्र अजून कुणी काही कळवलं नव्हतं.

घरी येऊन तिने अंडी मोजली नाहीत, नुसती चाचपली. एकही फुटलं नव्हतं. ईस्टर आठवड्यावर आलं होतं. शनिवारी टोपलीत रंगवलेली अंडी, लोण्याचं कोकरू, सॉसेज आणि पाव घालून देवळात आशीर्वादाला न्यायची, हा तिच्या आईच्या आईपासूनचा नेम. जवळचं देऊळ धर्मप्रांताने बंद केल्यापासून मिस्सेला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे, आणि रोजची मिस्सा तिने चाळीस वर्षांत आजारपणाखेरीज कधी चुकवली नव्हती. म्हणजे गाडी हवीच होती. आणि गाडी म्हणजे ही हिरवी स्टेशन वॅगन, गराजात जपून ठेवलेली, पूर्वी फक्त रविवारी आणि सणावारी बाहेर निघणारी. क्लेमेंटने ती कुणाला चालवायला देणं तर सोडाच, खालून कुणाला बघूही दिली नव्हती. इंजिनाचं तेल बदलायचं, ब्रेक बदलायचे, सगळं घरी, स्वतःच्या हाताने. पण गिअरबॉक्सला हात नाही. कुणी विचारलं तर गाडीच्या मडगार्डवर पंजा ठेवून तो म्हणायचा, "ते जेरोमनं केलंय. एकट्यानं. त्याचं काम आहे ते, तसंच राहू दे." ऐकणारा मान खाली घालायचा. वांडाही घालायची. मात्र तिचं कारण वेगळं होतं.

कारण जेरोमने ते काम केलंच नव्हतं. हे जगात फक्त तिलाच माहीत होतं. जुलै महिना होता, क्लेमेंट दुपारच्या पाळीला निघताना पोराला म्हणाला, तू आता मोठा झालास, आज आटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर तू बदल, तेल आणि फिल्टर तू आण, मी मधे पडणार नाही. रात्री बाप आला तेव्हा जेरोम पायरीवर बसला होता. झालं का, बापाने विचारलं. झालं, म्हणाला. क्लेमेंटने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि फ्रीजमधली बिअर काढून अर्धी त्याला दिली, आयुष्यात पहिल्यांदा. पोराचे केस तेव्हा ओले होते. वांडाने पाहिलं होतं. काम करून अंघोळ केली असेल, असं तिने मनाशी म्हटलं, म्हणजे म्हणायचं ठरवलं, कारण न्हाणीघरातला टॉवेल कोरडा होता. पुढच्याच आठवड्यात गावाबाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत, जिथे पोरं उन्हाळ्यात पोहायला जात, जेरोम उडी मारून वर आलाच नाही. दफन झाल्यावर त्याचे कपडे आवरताना स्वेटरांच्या खाली एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. आत नवा कोरा फिल्टर. वर दुकानाची किमतीची चिठ्ठी. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली, आणि बाहेर अंगणात क्लेमेंट त्याच्या भावाला सांगत होता, जाण्याआधी पोरानं बापाचं एक काम पुरं केलं बघ, एकट्यानं, गाडीखाली शिरून. त्या वेळी ते खोकं घेऊन बाहेर कसं जायचं होतं. तिने ते माळ्यावर नाताळच्या गोठ्याच्या पेटीत, मेंढपाळांच्या आणि उंटांच्या खाली ठेवलं. दर डिसेंबरात गोठा काढायचा तिनेच, ठेवायचा तिनेच. एवढी वर्षं बाळ येशू त्या फिल्टरच्या शेजारी झोपत होता. पापनिवेदनाच्या वेळी तिने हे कधी फादरना सांगितलं नाही. खोटं ती बोललीच नव्हती. ती फक्त गप्प होती, आणि गप्प राहण्याची गणना कशात होते हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

चेस्टरने, क्लेमेंटच्या धाकट्या भावाने, दुसऱ्या दिवशी येऊन तेल मापायची कांडी बाहेर काढली, कागदावर पुसली, हुंगली. हाही निवृत्त होईपर्यंत क्लेमेंटच्याच गिअरबॉक्सच्या कारखान्यात होता. या भागातले निम्मे पुरुष त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यातून म्हातारे होऊन बाहेर पडले होते. "वांडा, हे तेल नाही, कालचा चहा आहे," तो म्हणाला. फिल्टर तुंबलाय, आता उघडलं नाही तर हा गिअरबॉक्स ईस्टरचं जेवण जेवत नाही, आणि उघडूनही आचका थांबेलच असं मी देवळात उभं राहून सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या गराजात टाक, तासाचं काम आहे. वांडाने मान हलवली. तिने क्लेमेंटचं ते जुनं वाक्य पुढे केलं, जेरोमने बंद केलेलं आहे ते. चेस्टरने कांडी परत जागेवर खुपसली. मग हळूच म्हणाला की क्लेम गेला, आता त्याचा कायदा किती दिवस चालवणार आहेस.

तिच्या मनात काय होतं ते चेस्टरला कसं सांगणार. कोपऱ्यावरच्या गराजातला माणूसही कारखान्यातलाच. गिअरबॉक्सच्या तळाचा ट्रे खाली काढला की त्याला बूच दिसणार. क्लेमेंटने अकरा वर्षं त्या कारखान्यात एकच काम केलं होतं. पुढे बढती मिळाली, पण त्या अकरा वर्षांवरून लोक त्याला शेवटपर्यंत बूचवाला म्हणत. तयार झालेल्या प्रत्येक गिअरबॉक्सच्या भोकात एक पिवळं प्लॅस्टिकचं बूच बसवायचं, धूळ आत जाऊ नये म्हणून. पुढे गाडी जोडणाऱ्या कारखान्यात त्याच भोकातून तेलाच्या कांडीची नळी आत घालत, आणि त्या धक्क्याने बूच सुटून गिअरबॉक्सच्या पोटात, तळाच्या ट्रेमध्ये पडे. तिथे ते जन्मभर तेलात पडून राही, कुणाला त्रास न देता. ज्या दिवशी पहिल्यांदा कुणी फिल्टर बदलायला ट्रे उघडी, त्या दिवशी ते सापडे, आणि माणूस हसून कचऱ्यात टाकी. म्हणजे ट्रेमध्ये बूच सापडलं, की समजायचं, कारखान्यानंतर या पोटाला कुणाचा हात लागलेला नाही. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. क्लेमेंट तेव्हा खिशातून मूठमूठ बुचं घरी आणायचा. धुलाईच्या यंत्रात ती खडखडत. जेरोम लहानपणी सोंगट्यांच्या जागी ती मांडून चेस्टरकाकाशी खेळायचा आणि हरला की एक बूच तोंडात धरून पळायचा. शेवटी शेवटी एकच बूच उरलं होतं, क्लेमेंटच्या कोटाच्या खिशातलं. प्रवचन चालू असताना तो ते अंगठ्याने फिरवत बसायचा. बायका जपमाळ फिरवतात तसं. तो गेल्यावर वांडाने त्याच्या बोटांत माळ गुंडाळली आणि ते बूच कोटाच्या खिशात परत ठेवलं. चेस्टर रडता रडता हसला होता, म्हणाला, वरती सुद्धा भोकं असतीलच, कामाला येईल.

तर ते दुसरं बूच, गाडीच्या पोटातलं, ते कुणाला दिसता कामा नये. क्लेमेंट तर आता नाही, त्याला काय कळणार आणि काय लागणार, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पण शुक्रवारी देवळाच्या तळघरात तळलेले मासे खायला सगळे जमतात, तिथे एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं. बिचारा बूचवाला, ज्याच्या नावाने गाडी पुजली त्या पोराने साधं झाकणही उघडलं नव्हतं. कुणी वाईट मनाने म्हटलं नसतं. कणव वाटून म्हटलं असतं, आणि तेच तिला नको होतं. त्या घरात जे तिघे होते, त्यांच्यापैकी दोघांची बाजू सांगायला आता तीच एकटी उरली होती. म्हणून तिने चेस्टरला सांगितलं, "मी उघडते. घरीच, माझ्या हातानं."

"तू? तू जन्मभर नुसता दिवा धरलास."

"म्हणूनच. दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं."

पवित्र शनिवारी सकाळी, टोपली झाकून ठेवून, क्लेमेंटचा निळा अंगरखा घालून ती गराजात गेली. सामान तिथे होतं तसंच होतं: खिळ्यांवर पाने उतरत्या क्रमाने, कोपऱ्यात गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या, आणि मांजराच्या वाळूची अर्धी पिशवी. घरात मांजर कधी नव्हतंच. ही पिशवी इथे कशी, हे तिने एकदा विचारलं होतं, कधीतरी फार पूर्वी, देवळातल्या बायकांबरोबर तीन दिवस मौनव्रताला गेली होती तिथून परतल्यावर. फरशी नुकती धुतलेली होती, वाळू पसरलेली होती, आणि क्लेमेंट म्हणाला होता की गवत कापायच्या यंत्राचं तेल सांडलं, ते शोषायला ही वाळू. एकटीने उरकावं असा तिचा विचार होता, पण जॅकची दांडी तिच्याने शेवटपर्यंत दबेना. शेवटी चेस्टर आलाच, गाडीखाली सरकायची आपली चाकांची फळी काखेत मारून, जणू बोलावणंच होतं. घोड्यांवर गाडी चढवून झाली तेव्हा तो फळीवर आडवा व्हायला लागला. वांडाने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं, फळी ओढून घेतली आणि दिवा त्याच्या हातात दिला. तो कुरकुरला, सत्तरीतल्या बाईने गाडीखाली शिरायचं आणि पुरुषाने दिवा धरायचा, कुणी पाहिलं तर माझं नाव काय राहील. खालून तिने सांगितलं, "उजेड माझ्यावर नको, कामावर पाड." हे वाक्य तिचं नव्हतं. क्लेमेंट याच फळीवरून, याच आवाजात, तिला हेच सांगत आला होता, आणि ती मुकाट्याने दिवा हलवत आली होती.

गाडीखालचं जग लहान होतं आणि थंड होतं. तिने मनात माळ सुरू केली, एक बोल्ट सैल, एक नमो मरिया, पुढचा बोल्ट, पुढची. येशूच्या दुःखाची रहस्यं चालू होती आणि हात कामात होते. हे तिला नवीन नव्हतं. पिठाच्या गोळ्यांवर, इस्त्रीवर, क्लेमेंटच्या औषधाच्या चमच्यावर तिने अशाच माळा संपवल्या होत्या. एका बाजूचे बोल्ट काढले तसा ट्रे कलला आणि तेल टबात पडू लागलं. जळक्या वासाचं, तपकिरी. नवं असताना हे डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. क्लेमेंट एकदा म्हणाला होता, माणसाच्या आत असतं तसंच. तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आता. तिने उरलेले बोल्ट एका हाताने सांभाळत दुसरा हात ट्रेच्या कडेवरून आत घातला. चेस्टरला वाटलं असतं, ट्रे धरतेय. अंगरख्याचा खिसा तिने आधीच उघडा ठेवला होता. बोटांनी तळ चाचपला. चुंबक लागला, त्यावर लोखंडाच्या भुकटीचा मऊ चिखल. चारही कोपरे लागले. बोटं पुन्हा फिरली, सावकाश, घाबरून, हरवलेला दागिना पाण्यात शोधावा तशी. बूच नव्हतं.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते असं, की जेरोमने केलं होतं. दोन फिल्टर आणले असतील पोराने, एक बसवला असेल, एक उरला असेल, आणि मी, त्याची आई, वीस वर्षं त्याला खोटारडा समजून, वर देवाच्या पेटीत त्याचा पुरावा लपवून बसले. डोळ्यांत आलेलं पाणी कानांकडे वाहू लागलं. निजलेल्या माणसाचे अश्रू तिकडेच जातात. मग ट्रे खाली आला, चेस्टरचा दिवा वर सरकला, आणि उजेड फिल्टरवर पडला. फिल्टर धरणाऱ्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या खडूची एक रेघ होती. तेलाने फिकी झालेली, पण होती. घट्ट केलेल्या बोल्टवर रेघ मारायची, ही कारखान्याची शिस्त. सगळ्यांच्या रेघा डावीकडून उजवीकडे वर चढत. या उलट्या चढल्या होत्या. डावखुऱ्या माणसाच्या. घरात डावखुरा एकटा क्लेमेंट होता. जेरोम उजव्या हाताने लिहायचा.

ती पडून राहिली. चेस्टरने विचारलं, ठीक आहेस ना. ती हो म्हणाली. एकेक गोष्ट आपणहून येऊन जागेवर बसत होती, आणि एकीलाही तिला अडवता येत नव्हतं. मौनव्रताचे ते तीन दिवस. धुतलेली फरशी. मांजराची वाळू. ती देवळाच्या आश्रमात मौन धरून पोराच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होती तेव्हा क्लेमेंट इथे, तिच्यासारखाच पाठीवर पडून, एकटा, पोराचं काम हातात घेऊन बघायला, कदाचित पोराच्या बोटांचा ठसा कुठे उरला असेल तो बघायला, ट्रे उघडत होता. आणि त्याच्या हातात बूच पडलं होतं. त्यानेच कधीतरी बसवलेलं असेल किंवा त्याच्यासारख्याच कुणी. कितीतरी वेळ तो असाच पडून राहिला असेल. मग उठून तेल धुतलं असेल, दुकानात जाऊन दुसरा फिल्टर आणला असेल, पोराचं काम पोराच्या नावाने पुरं केलं असेल, रेघा मारल्या असतील. आणि रविवारी तिला घ्यायला येताना कोटाच्या खिशात ते बूच होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी होतं. हे कारखान्याच्या दिवसांचं उरलेलं एक, असं ती समजत आली. ते उरलेलं नव्हतं. तेच ते होतं. आणि तिने ते स्वतःच्या हाताने त्याच्या खिशात ठेवून त्याला मातीत दिलं.

त्याचं काम आहे ते, तसंच राहू दे. हे तो गाडीसाठी म्हणत नव्हता, लोकांसाठीही नाही. हे तो तिच्यासाठी म्हणत होता, तिला कळू नये म्हणून. आणि ती मान खाली घालत होती ती त्याला कळू नये म्हणून. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते समोरासमोर बसले, किती वर्षं, त्याच्या खिशात बूच, तिच्या डोक्यावर माळ्यावर खोकं, मधे बीटचं सूप निवत असे. मीठ दे म्हटलं तर मीठ दिलं. त्या संध्याकाळी पोराचे केस ओले होते हे तिने पाहिलं होतं. त्यानेही पाहिलंच असणार, पोराची नखं तर त्याच्या नाकासमोर होती, बिअरच्या बाटलीभोवती, स्वच्छ. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर जेरोम पुढच्या शनिवारी खाणीवर गेला नसता, शिक्षा म्हणून याच गाडीखाली पडला असता, चिडत, तेल अंगावर घेत. हे एकमेकांना सांगायचं नव्हतं म्हणून तर बाकीचंही सांगितलं नाही. दोघं मिळून रडता आलं असतं असं एक रडणं होतं. ते दोघांनी अर्धं अर्धं करून, एकमेकांपासून लपवून, एकट्याने संपवलं.

"वांडा," वरून चेस्टरचा आवाज आला. दिवा अजून बोल्टांवर होता. "ही रेघ क्लेमची आहे."

तिने ट्रे बाजूला सरकवला.

"पण हे तर जेरोमनं एकट्यानं केलं होतं ना?"

तेलाचा थेंब तिच्या गालावर पडला. तिने पुसला नाही. "दोघांनी मिळून केलं होतं," ती म्हणाली.

हे खोटं होतं की खरं, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. ईस्टरनंतर फादरना विचारावं असं तिने ठरवलं, आणि विचारणार नाही हेही तिला ठाऊक होतं. ती फळीवरून बाहेर आली, हात पुसून आत गेली, आणि माळ्यावरून काढून ठेवलेलं ते खोकं घेऊन आली. चेस्टरने ते हातात घेतलं. चिठ्ठीवरच्या दुकानाचं नाव वाचलं. ते दुकान बंद होऊन, तिथे केशकर्तनालय होऊन, तेही बंद होऊन जमाना झाला होता. त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली, मग वांडाकडे पाहिलं, मग घोड्यांवर उभ्या असलेल्या गाडीकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. बायबलमधली गोष्ट सांगताना मुलांच्या वर्गात जो एक मुलगा शेवट आधीच ओळखतो आणि बाकीच्यांसाठी गप्प बसतो, तसा तो उभा राहिला. फिल्टर बाहेर काढून त्याच्या मानेवरचं रबरी सील बोटाने दाबलं. "फिल्टर चांगला आहे," तो म्हणाला. "रबर तेवढं कडक झालंय. नवं घेऊन येतो." दिवा त्याने खाली ठेवला नाही, खिळ्याला टांगला, कामावर उजेड राहील असा.

सील आलं, फिल्टर बसला. वांडानेच बसवला, बोल्ट आवळले, आणि चेस्टरने क्लेमेंटच्या खणातून पिवळा खडू काढून तिच्या हातात दिला. तिच्या रेघा डावीकडून उजवीकडे वर चढल्या, जेरोमच्या चढल्या असत्या तशा. ट्रे धुऊन, चुंबक पुसून, नवं पॅकिंग लावून बंद केला. वरून लाल तेल ओतताना चेस्टर कांडी बघत राहिला आणि सांगत राहिला, बस, अजून थोडं, बस. क्लेमेंटने काढलेला जुना फिल्टर कुठे गेला हे आता कळायची सोय नव्हती. क्लेमेंटने बसवलेला तिने वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्या खोक्यात घातला.

तीन वाजता टोपली शेजारच्या सीटवर ठेवून, वर आईने विणलेला पांढरा रुमाल टाकून ती निघाली. ऊन पडलं होतं, फुटपाथवर आणखी टोपल्या चालत होत्या. कोपऱ्यावर सिग्नल लागला. तिच्या नखांत तेल होतं, ब्रशने घासूनही गेलेलं नव्हतं. सिग्नल सुटला, तिने पाय उचलला, गाडी पुढे सरकली, वेग घेऊ लागली, आणि तिसरा गिअर जवळ आला तसा तिचा उजवा हात आपणहून आडवा झाला, बोटं पसरून, तळवा आत वळवून. गिअर बदलला. एवढा हलका की तो बदलल्याचं तिला पुढच्या झाडापाशी कळलं. अंडी हललीसुद्धा नाहीत. हात मात्र तिथेच होता, धक्क्याची वाट बघत. तिने तो मागे घेतला नाही. पुढचा सिग्नल येईपर्यंत तसाच राहू दिला.